नागपुरात एम.एस्सी.साठी खोली : ४,००० ची रिकामी, ७,५०० ची जेवणासकट, की मावशीकडे?

निळी_शाई · १९ जून, रात्री ९:१२

नमस्कार. मी वणीची. विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या कॅम्पसला एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश होईल असं गुणांवरून दिसतंय. यादी लागायच्या आधीच खोलीचं ठरवून ठेवावं म्हणून हा धागा. घरून महिन्याला ९,००० मिळणार. राहणं, जेवण, मोबाइल, येणं-जाणं, झेरॉक्स, प्रॅक्टिकलचं सामान, सगळं त्यातच बसवायचं आहे. वसतिगृहाचा अर्ज करणार आहेच, पण त्याची यादी प्रवेशाच्या मागून लागते आणि तोवर बऱ्या खोल्या हातच्या जातात, असं सगळेच सांगतात.

परवा बाबांसोबत येऊन तीन जागा पाहिल्या. रामनगरात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, लॅट-बाथ आतच, एकटीला ४,००० किराया, डिपॉझिट १०,०००, लाइट सबमीटरवर १२ रुपये युनिट. गोकुळपेठेत मुलींचं पीजी आहे, तिघींची खोली, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून ७,५००. आणि मानेवाड्याला मावशी राहते. ती म्हणते, घर असताना किराया कशाला भरता? तिथे पैसे लागणार नाहीत, पण कॅम्पस शहराच्या दुसऱ्या टोकाला.

बाबांचा कल मावशीकडे, आईचा पीजीकडे, माझा रामनगरकडे. तुम्ही काय म्हणता?

लेआउटवाला_भाऊ · १९ जून, रात्री ९:३०

पहिले एक सांगा ताई. रामनगरच्या रूमच्या वरती अजून माळा आहे का डायरेक स्लॅब? स्लॅब असन तं ते रूम जूनमधे पाहून काही समजत नाही. पाणी पडलं का नागपूरच्या सगळ्याच रूमा चांगल्या वाटते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या रूममधे उभं राहून पाहा म्हणा बाबांना, भिंतीले हात लावला तरी चटका बसते.

निळी_शाई · १९ जून, रात्री ९:३४

डायरेक्ट स्लॅबच आहे. 😐

हिशेबनीस · १९ जून, रात्री १०:२१

तिन्ही जागांची तुलना महिन्यावर करू नका, वर्षावर करा. जेवणाखाणाचे आकडे मी धरमपेठ-रामनगर भागात सध्या जे ऐकतो त्यावर धरलेत, शंभर-दोनशे इकडे-तिकडे होतील.

रामनगर. किराया १२ महिन्यांचा ४८,०००. (उन्हाळ्यात घरी गेलात तरी किराया थांबत नाही, हे आधीच विचारून घ्या.) दोन वेळचा डबा २,८०० धरू, सुट्ट्या वजा करून ११ महिने, म्हणजे ३०,८००. आता लाइट. पंखा, ट्यूब, लॅपटॉप, मोबाइल, अधूनमधून इंडक्शनवर चहा-मॅगी असं मिळून ३५ युनिट समजा. कूलर साधारण २०० वॅटचा, स्लॅबखालच्या खोलीत १२ तास तरी चालणार. दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. म्हणजे उन्हाळ्याचे तीन महिने १०७ युनिट, बाकी नऊ महिने ३५. बाराच्या दरानं वर्षाचे ७,६०० च्या थोडे वर. जुना कूलर ताट्या (कडेच्या गवती जाळ्या) बदलून २,५००. इथवर बेरीज ८९,००० च्या आसपास. यात सकाळचा नाश्ता नाही. तर्री-पोह्याची प्लेट ३० ची धरली आणि महिन्यातून २५ दिवस, १० महिने खाल्ली, तर आणखी ७,५००. एकूण ९६,५००.

गोकुळपेठ. ९०,०००, त्यात नाश्ता. पीजीवाले उन्हाळ्यात कूलरचे वेगळे घेतात, ५०० प्रमाणे तीन महिन्यांचे १,५०० धरा. ९१,५००.

तुमच्याकडे वर्षाचे १,०८,००० आहेत. तेव्हा ४,००० ची खोली ७,५०० च्या पीजीपेक्षा वर्षाला पाच हजारांनी महाग आहे, आणि कपडे धुणं, खोली झाडणं, डब्याची वाट पाहणं हे वेगळंच.

मावशीकडे किराया शून्य. पण मानेवाडा ते कॅम्पस जाऊन-येऊन २०-२२ किलोमीटर. बसनं जाल तर बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरून दुसरी पकडायची. स्कूटी असेल तर पेट्रोल लिटरला शंभरच्या वर, महिन्याचे १,२०० सहज. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल सुटता सुटता संध्याकाळ होते. पैशांत मावशीशी कुणी स्पर्धा करू शकत नाही, वेळेचं तुम्ही बघा.

एक गोष्ट लोक विसरतात. रामनगरला पहिल्याच दिवशी डिपॉझिट, आगाऊ किराया, डब्याचा अॅडव्हान्स, गादी, बादली, एक्स्टेंशन बोर्ड असे वीसेक हजार जातात, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची फी भरायची असते.

पायल_वर्धा · १९ जून, रात्री १०:४०

हिशोब बरोबर आहे पण पीजीत तिघींच्या खोलीत अभ्यास होतो का हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नाही. माझा नाही झाला. शेवटी अभ्यासिका लावली, महिन्याला ८०० जास्तीचे. म्हणजे पीजी आणि रूम बरोबरीतच आले की.

हिशेबनीस · १९ जून, रात्री १०:४४

बरोबर. तो रकाना जोडायला हवा.

वायरमन_दादा · २० जून, सकाळी ७:५५

कूलरचं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

खोली बघताना खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि खिडकीबाहेर कूलरचा स्टँड लावू देतात का ते तिथल्या तिथे विचारा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर पंख्यापेक्षा वाईट, नुसता दमटपणा वाढतो. हवा बाहेर जायला समोर एखादी फट, दार, झरोका पाहिजे. आतल्या बाजूची, एकाच खिडकीची खोली असेल तर कितीही मोठा कूलर लावा, घामच येतो.

दुसरं, अर्थिंग. लोखंडी बॉडीच्या कूलरनं करंट बसून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. बोर्डावर तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे मागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही, जुन्या घरांत बरेचदा नसते. ओळखीच्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरायचं. बटण बंद करून नाही, पिन काढून. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर अजिबात नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

१२ रुपये युनिटबद्दल. सगळे घरमालक लुटतात असं नाही. त्यांच्या घराचं महावितरणचं बिल एकाच मीटरवर येत असेल, तर तुमचे युनिट त्यांच्यावर चढतात. शंभर युनिटच्या वर गेलं की दर एकदम दुपटीच्या आसपास जातो, वरून स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. तेव्हा दहा-बारा मागितले तर ते अगदीच हवेतले नसतात. पंधरा मागितले तर मात्र बिल दाखवा म्हणा. तुमच्या खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम, कमी वापराच्या महिन्यांत बराच फरक पडतो. सबमीटरचं रीडिंग पहिल्या दिवशी फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअॅप करून ठेवा.

बजाजनगरच्या_काकू · २० जून, सकाळी ११:१०

घरमालकांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे वरच्या दोन खोल्या मुलींना देतो, बरीच वर्षं झाली. आम्ही काय बघतो सांगू का? किराया पाचला पडतो की पंचवीसला, हे. रात्री गेट कधी लागतं यावरून वाद घालणारी आहे का, हे. पाण्याची मोटर लावून विसरणारी आहे का, हे तर पहिल्या आठवड्यात कळतंच. तुम्ही वडिलांना घेऊन गेलात ते चांगलं केलंत, वडील सोबत असले की घरमालक अर्धा ठरवूनच टाकतो. बरोबर की चूक ते सोडा, तसं होतं.

मोलभाव किरायात करू नका, बाकीच्या गोष्टींत करा. कपाट द्या म्हणा, गादी-पलंग द्या, वॉशिंग मशीन आठवड्यातून एकदा वापरू द्या. मी किराया पाचशेनं कमी करणार नाही, पण माळ्यावर पडलेला जुना कूलर आनंदानं देईन, तेवढीच जागा रिकामी होते.

कलम_पंचावन्न · २० जून, दुपारी १:०२

काकू, अॅग्रीमेंट करता का?

बजाजनगरच्या_काकू · २० जून, दुपारी १:१५

पाचशेच्या स्टॅम्पवर करतो ना, नोटरी करून. सगळेच तसं करतात.

कलम_पंचावन्न · २० जून, दुपारी १:५०

सगळेच करतात हे खरं, पण त्यानं काम भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा केला म्हणजे नोंदणी लागत नाही हा समज आपल्या राज्यात चालत नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, घरमालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोटरीवर विसंबून धोका काकू तुम्ही पत्करताय, मुली नाही.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का. ५,००० किराया, ११ महिने, ५५,०००. त्याचा पाव टक्का १३७ रुपये ५० पैसे. डिपॉझिटवर १० टक्क्यांनी मानीव व्याज धरतात, त्यानं त्यात दोन-चार रुपयांची भर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. हाताळणी शुल्क वेगळं. ऑनलाइन होतं, दोघांचं आधार आणि अंगठा लागतो. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याची फी तेवढी आधी ठरवून घ्या.

बजाजनगरच्या_काकू · २० जून, दुपारी २:२०

आणि ते हजार रुपये कोण भरणार? दर अकरा महिन्यांनी मुली बदलतात. आमच्या ह्यांना कॉम्प्युटरवर आधार, अंगठा म्हटलं की भीती वाटते, घर नावावर करून घेतील म्हणून. हसू नका, आमच्या पिढीत तसं पाहिलेलं आहे.

कलम_पंचावन्न · २० जून, दुपारी २:३१

हसत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये ताबा तुमचाच राहतो, मुलींना फक्त वापरायची परवानगी मिळते. काकांची भीती त्याच कागदानं जायला हवी. खर्चाचं दोघांनी वाटून घ्यायचं, बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. पोलीस पडताळणीचा अर्ज मात्र त्यासोबतच भरून टाका.

आधार_स्वाधार · २० जून, संध्याकाळी ६:४०

निळी_शाई, अॅग्रीमेंटचा मुद्दा तुमच्यासाठी आणखी एका कारणानं महत्त्वाचा. शासकीय वसतिगृहाला अर्ज करूनही जागा न मिळालेल्या मुलांसाठी तीन योजना आहेत : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, आणि ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. नागपूर शहरासाठी वर्षाला ६०,००० : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. उत्पन्नाची अट आहे, गुणांची आहे, आणि तुम्ही नागपूरचे रहिवासी नसावं लागतं. बाहेर किरायानं राहत असल्याचा पुरावा आणि शपथपत्र लागतं. तिथे नोंदणीकृत करार असला की पुढचे हेलपाटे वाचतात. मावशीकडे राहिलात तर हा पुरावा कुठून आणणार, तेही बघा.

म्हणून वसतिगृहाचा अर्ज ‘मिळणार नाहीच’ म्हणून सोडू नका. तो अर्ज केलेला नसेल तर पुढची दारंच बंद. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना तेही आजच तपासा.

फक्त एक. हे ६०,००० महिन्याच्या हिशोबात धरू नका. पैसे हप्त्यांनी येतात, कधी पडतील त्यावर किराया ठरवता येत नाही. आले की त्यातून पुढच्या वर्षाची फी किंवा घरच्यांचे उसने परत करायचे.

निळी_शाई · २० जून, संध्याकाळी ७:०५

आम्ही ओबीसीत येतो, आणि ह्या योजनेचं नावही मला माहीत नव्हतं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे, नवीन काढायला बाबा उद्याच तहसीलला जातील. खूप आभार.

तळमजला · २० जून, रात्री ८:१८

सगळे तिसऱ्या माळ्याला नावं ठेवतायत, म्हणून तळमजल्याचं सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा मी डागा लेआउटच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. पहाटे जाग आली ती गादी ओली लागल्यावर. दार उघडलं तर अंगणातलं पाणी आत. सर्टिफिकेटांची फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती म्हणून वाचली, खालच्या कप्प्यातली नोट्सची बाडं गेली, लॅपटॉप चार्जिंगला जमिनीवर होता तो गेला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगरचा सखल भाग, नाग नदीच्या काठानं कुठेही तळमजला स्वस्तात मिळत असेल तर शेजारच्या पानठेल्यावर विचारा, ‘त्या वर्षी इथे पाणी कुठवर आलं होतं?’ घरमालक सांगणार नाही, पानठेलेवाला हात करून दाखवतो. भिंतीला नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांत दिसला तर समजून जा.

लेआउटवाला_भाऊ · २० जून, रात्री ८:२५

म्हणजे खाली पाणी अन् वरती आग. मधला माळा पाहा ताई.

पूर्वा_उमरेड · २० जून, रात्री ९:०२

कुणी बोललं नाही म्हणून मीच लिहिते. फोनवर खोलीचं सगळं ठरतं, मग शेवटी विचारतात, ‘आडनाव काय म्हणालात?’ आणि मग ‘यजमानांना विचारून सांगते’. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे हे होतं. नॉनव्हेज चालणार नाही ही अट आधी सांगितली तर निदान कळतं तरी, ही दुसरी अट कुणी सांगत नाही. माझ्या मैत्रिणींसोबत झालं, माझ्यासोबत झालं. मी आता पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव सांगते. ज्यांना नको त्यांचा आणि माझा वेळ वाचतो, आणि ज्यांनी खोली दिली ते काका-काकू इतके चांगले निघाले की दिवाळीला मला घरी जाताना चकल्यांचा डबा भरून दिला.

बजाजनगरच्या_काकू · २० जून, रात्री ९:४०

पूर्वा, वाचलं. आमच्या गल्लीतही हे चालतं, खोटं कशाला बोलू.

डबा_मेंबर · २१ जून, सकाळी १०:३०

हिशेबनीसांनी डबा २,८०० धरलाय, आकडा ठीक आहे, पण डबा लावण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. खाडे कसे धरतात? काही ठिकाणी सलग तीन दिवस बंद ठेवला तरच पैसे वळते होतात, काही ठिकाणी आदल्या रात्री सांगितलं तर एका दिवसाचाही खाडा मिळतो. तुम्ही महिन्यातून दोनदा वणीला जाणार असाल तर इथेच तीन-चारशेचा फरक. दुसरं, रविवारी रात्री बहुतेक ठिकाणी चूल बंद. तो खर्च वेगळा, आणि नागपुरात रविवारी रात्री बाहेर पडलं की पोट्टे सावजीत जाऊन आठवड्याचं बजेट उडवून येतात. तिसरं, पहिला आठवडा रोजच्या हिशोबानं खाऊन बघा. तेल किती, तिखट किती, पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात का. महिन्याचे पैसे आधी भरले की मग नुसतं सहन करायचं.

स्वतः स्वयंपाक करणार असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पण घरमालकाची परवानगी आधी. भाजी गोकुळपेठ मार्केटमध्ये रात्री आठनंतर घ्या, उठवायची घाई असते तेव्हा भाव उतरतो. सांबार (कोथिंबीर) तर तेव्हा जवळजवळ फुकट.

रात्रीची_लॅब · २१ जून, दुपारी १२:१५

एम.एस्सी.नंतर पीएचडीचा विचार असेल तर एक नोंद. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, २०२३ च्या जानेवारीपासून महिन्याला ३७,००० आहे, आणि वसतिगृह मिळालं नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. ह्या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग केलेत, नागपूर वाय वर्गात येतं, त्या दरानं. ऐकायला भरपूर वाटतं. पण महिन्याच्या महिन्याला हजेरीची पुष्टी वर गेली की पैसे सुटतात, कुठे एक सही अडली की दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. आमच्या लॅबमध्ये फेलोशिपवाले मित्र एमटेकच्या महिन्याला १२,४०० शिष्यवृत्तीवाल्यांकडून उसने घेताना पाहिलेत. म्हणून सवय आतापासूनच लावा : तीन महिन्यांचा किराया आणि डबा एवढी रक्कम वेगळ्या खात्यात, तिला हात नाही. ९,००० मधून लगेच जमणार नाही, योजनेचा पहिला हप्ता आला की तो तिथे टाका.

सदर_पोस्ट · २१ जून, दुपारी ३:४८

ऑनलाइन जाहिरात, सुंदर फोटो, ‘मी सध्या बाहेरगावी आहे, २,००० टोकन पाठवा, चावी वॉचमनकडे’ असं कुणी म्हणालं तर नंबर ब्लॉक करा. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया नाही. दलाल साधारण एका महिन्याचा किराया घेतो. रामनगर-रवीनगर-हिलटॉप पट्ट्यात तर गेटवर टू-लेटच्या पाट्याच इतक्या असतात की सकाळी दोन तास पायी फिरलं तरी दलाल लागत नाही.

पायल_वर्धा · २१ जून, दुपारी ४:१०

मावशीबद्दल कुणी स्पष्ट लिहीत नाहीये. मी आत्याकडे दीड वर्ष काढलं. आत्या चांगली, आतेभाऊ चांगले, सगळं चांगलं. पण पाहुणे आले की चहा मी करायचा, परीक्षा असली तरी लग्नाला जायचं, आणि लायब्ररीत आठ वाजले की घरून चार फोन. फुकट राहणाऱ्याला ‘आज नको’ म्हणता येत नाही. प्रवेश झाल्यावर पहिला एक महिना मावशीकडे राहा, तेवढ्यात वसतिगृहाची यादीही लागेल आणि खोलीही निवांत शोधता येईल. मावशीही खूश, बाबाही खूश.

हिशेबनीस · २१ जून, दुपारी ४:२२

ह्यात डिपॉझिटचा आणि फीचा भार एकाच महिन्यात येत नाही, हेही आलं. चांगली सूचना.

निळी_शाई · २९ जून, रात्री ९:५०

सगळ्यांना अपडेट देते. बाबा आणि मी पुन्हा रामनगरला जाऊन आलो. त्याच घरात दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली आहे, वर तिसरा मजला, त्यामुळे स्लॅब डोक्यावर नाही. तिथल्या ताईंचं एम.ए. संपलं, त्या जुलैअखेर सोडतायत. किराया ५,६००, पण दोघी राहिलो तर चालेल म्हणाले. माझ्यासोबत कॅम्पसलाच अर्ज केलेली एक भंडाऱ्याची मुलगी आहे, तिच्या आई-बाबांशी बोलणं झालं. म्हणजे मला २,८००. लाइट १२ नाही, १० वर आली, त्यांनी बिलच काढून दाखवलं आणि बाबांना ते पटलं.

कूलरसाठी खिडकीची जाळी कापू देणार नाहीत, नवी बसवली आहे. पण गॅलरीच्या दारात स्टँड लावता येईल आणि समोर झरोका आहे. अर्थिंग विचारलं तर घरमालक काका माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच वायरमन बोलावतो म्हणून सांगितलं. (वायरमन_दादा, हे तुमच्यामुळे.) अॅग्रीमेंट नोंदणीकृत करायला आधी तयार नव्हते. कलम ५५ चं वाक्य मी मोबाइलवर वाचून दाखवलं, ‘भाडेकरू सांगेल ते खरं धरतात’ ऐकल्यावर लगेच तयार झाले. फी अर्धी-अर्धी.

जुलैभर मावशीकडे. नऊ हजारांत किराया २,८००, डबा २,८००, लाइट-वायफाय माझ्या वाट्याचे सहाशेक, नाश्ता-चहा ९००, मोबाइल ३००. वणीला एसटी महिलांना अर्ध्या तिकिटात, त्यामुळे दोन फेऱ्या जमतात. उरलेल्यातून झेरॉक्स, प्रॅक्टिकल आणि ते वेगळं खातं.

हिशेबनीस · २९ जून, रात्री १०:०३

‘आजारपण’ असा रकाना दिसत नाही. महिन्याला २०० तरी बाजूला.

बजाजनगरच्या_काकू · २९ जून, रात्री १०:३०

आत राहायला जाल त्या दिवशी पूर्ण खोलीचा व्हिडिओ काढा, भिंती, नळ, फरशी, सगळं. सोडताना रंगाचे पैसे कापायचे म्हटले तर तोच दाखवायचा. मी घरमालकीण असून सांगतेय.

आणि हो, आमच्या ह्यांनी काल अंगठा दिला.

कलम_पंचावन्न · २९ जून, रात्री १०:३४

काकू 🙏

एमटेक_अकोला · ३० जून, सकाळी ९:१५

धागा वाचून काढला. माझं कॉलेज हिंगणा रोडला वानाडोंगरीकडे आहे. कॉलेजजवळच खोली घ्यावी की बर्डीच्या बाजूला राहून मेट्रोनं जावं?

लेआउटवाला_भाऊ · ३० जून, सकाळी ९:४१

मेट्रो लोकमान्यनगरपर्यंतच आहे भाऊ, तिथून पुढे कॉलेजची बस नाही तं ऑटो. कॉलेजजवळ स्वस्त आहे, पण एमआयडीसीच्या शिफ्टवाल्यांच्या रूमा आहे सगळ्या, रात्री बारालेही गेट वाजते. सुभाषनगर नाही तं वासुदेवनगरच्या साइडले पाहा, स्टेशन पायी होते अन् डबेही भेटते. मेट्रोचं कार्ड काढताना विद्यार्थ्यांची सवलत विचाराची, कॉलेजचं आयडी घेऊन जा.

एमटेक_अकोला · ३० जून, सकाळी ९:४४

कितवा माळा?

लेआउटवाला_भाऊ · ३० जून, सकाळी ९:४५

वरचे कमेंट पुन्हा वाचा बे.